बेटावर नेऊन वाचवलेला क्वॉल जंगलात परत जगेल का?

उत्तरा_डार्विन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पण हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय.

मी ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, डार्विनला राहते. इथे उत्तरी क्वॉल नावाचा प्राणी आहे. होता म्हणायची वेळ आलीय. मांजरापेक्षा लहान, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, नाक टोकदार. कांगारूसारखाच शिशुधानी, पण हा मांसाहारी. किडे, सरडे, उंदीर, पक्षी, जे सापडेल ते खातो. नर फार तर किलोभराचा, मादी त्याहून बरीच लहान.

ऑफिसातले एक जुने सहकारी सांगतात, नव्वदच्या दशकात इथल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकला की रात्री क्वॉल येऊन तव्यातलं उरलंसुरलं पळवायचे. २००१ च्या सुमारास केन टोड काकाडूत पोचले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक ठिकाणचे क्वॉल संपले. टोड म्हणजे मोठा विषारी बेडूक. क्वॉल त्याला खायला जातो, टोडच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतलं विष तोंडात जातं आणि हृदय बंद पडतं. २००५ मध्ये क्वॉल सरकारच्या संकटग्रस्त यादीत गेला.

टोड येणार हे आधीपासून दिसत होतं. म्हणून २००३ मध्ये ६४ क्वॉल पकडून अर्नहेम लँडच्या किनाऱ्यालगतच्या ॲस्टेल आणि पोबासू या दोन बेटांवर सोडले. तिथे टोड नाहीत, डिंगो (इकडचे रानकुत्रे) नाहीत, मांजरं नाहीत. काही वर्षांत संख्या हजारांवर गेली. मग १३ पिढ्यांनी त्यातले काही परत काकाडूत आणले, तेही टोड खायचा नाही असं शिकवून. टोडने नाही मारलं. डिंगोंनी मारलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बेटावरच्या क्वॉलांची पिल्लं डिंगोच्या आणि मांजराच्या वासाला बिचकतच नाहीत. मुख्य भूमीवरच्या क्वॉलांची पिल्लं, पिंजऱ्यात जन्मलेली असूनही, बिचकतात.

माझं मत असं की बेटावर नेणं म्हणजे प्राणी वाचवल्याचं समाधान विकत घेणं. तुम्हाला काय वाटतं?

पेंद्या

पहिला! क्वॉल हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिकित्सक_बोका

उत्तराताई, 'समाधान विकत घेणं' जरा जास्त होतंय. २००३ मध्ये पर्याय काय होता? टोड थांबवता येत नव्हते, काकाडूतले क्वॉल डोळ्यांदेखत संपले. ते ६४ उचलले नसते तर आज डिंगोला न घाबरणारे क्वॉलसुद्धा नसते. आधी जीव, मग स्वभाव.

उसाचा_फड

राम राम. आम्ही शिरोळ तालुक्यातले, ऊसवाले. हा टोड तिथं उसासाठीच आणला होता ना? कुठल्या किडीसाठी?

उत्तरा_डार्विन

होय भाऊ. १९३५ मध्ये हवाईहून १०२ टोड क्वीन्सलँडच्या गॉर्डनवेलला आणले, त्यांची पैदास केली आणि पिल्लं उसात सोडली. कीड म्हणजे एक भुंगेरा. त्याची अळी जमिनीत राहून उसाची मुळं खाते.

उसाचा_फड

म्हणजे हुमणीच की!

अहो ताई, हुमणीवर बेडूक? आमच्या आज्ज्यालापण कळलं असतं हे जमणार नाही. अळी जमिनीत वीतभर खाली मुळाशी. बेडूक काय नांगर घेऊन जाणार व्हय? आणि भुंगेरा वर पाल्यावर. बेडूक मध्ये बसून काय करणार, तर दुसऱ्याचं खाणार. आमच्यात वळीव पडला की संध्याकाळी भुंगेरं बाहेर पडतात आणि बाभळीवर, लिंबावर जमतात. रातच्याला फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सगळ्या गावानं एकदम केलं तरच उपयोग, एकट्यानं करून काही होत नाही. आता मेटारायझियम बुरशीपण वापरतात. पण दुसऱ्या देशातनं जनावर आणायचं कुणाला सुचलं नाही, बरं झालं.

मावळा_मेलबर्नचा

फडभाऊ, एकच नंबर. अगदी हेच झालं. भुंगेऱ्याचं काही बिघडलं नाही, आणि टोड क्वीन्सलँडहून निघाले ते पश्चिमेकडे सरकतच राहिले. २००९ मध्ये त्यांनी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. गंमत म्हणजे आघाडीवरचे टोड मागच्यांपेक्षा लांब पायांचे निघाले, कारण जे वेगात पुढे जातात त्यांचंच एकमेकांशी जुळतं. आधी वर्षाला १० किलोमीटर सरकायचे, आता ५० च्या आसपास.

गोडबोले_काकू

आपल्याकडचं मुंगूसपण असंच बाहेर गेलंय बरं का. १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला, मग तिथून १८८३ मध्ये हवाईला. तेही उसातले उंदीर मारायला. उंदीर रात्री हिंडणार, मुंगूस दिवसा. मग मुंगसांनी पक्ष्यांची अंडी खाल्ली. साखरेपायी जगात काय काय उलथापालथ झालीय, त्याच्यावर वेगळा धागा निघेल.

पेंद्या

काकू, निघू दे धागा. चहा मात्र बिनसाखरेचा.

रानवाटा

एक प्रश्न सगळ्यांनाच पडायला हवा होता. आपल्याकडे खरखरीत अंगाचे भेक, म्हणजे टोडचेच भाऊबंद, पावसाळ्यात पायापायात येतात. तेही विषारी असतात. मग आपली घोरपड त्यांना खाऊन मरत का नाही?

उत्तर असं की आशियातल्या घोरपडी लाखो वर्षं भेकांच्या शेजारी राहिल्या आहेत. भेकाचं विष पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर जाऊन बसतं. आशियाई घोरपडींच्या त्या पंपाची घडण बदललेली आहे, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. ऑस्ट्रेलियात मूळचा एकही भेक नव्हता. तिथल्या घोरपडींना ही सोय नाही आणि क्वॉललाही नाही. तिकडची पिवळ्या ठिपक्यांची घोरपड टोड आल्यावर कित्येक ठिकाणी जवळपास नाहीशी झाली. दोष क्वॉलचा नाही. त्याच्या वाडवडिलांची आणि भेकाची कधी गाठच पडली नव्हती.

निसर्गराजा_७७

मग निसर्गाला निसर्गाचं काम करू द्या. जो टिकेल तो टिकेल. माणसाने कशाला नाक खुपसायचं?

चिकित्सक_बोका

टोड निसर्गाने बोटीतून आणले होते का?

निसर्गराजा_७७

बरं, तो मुद्दा मान्य. पण क्वीन्सलँडमध्ये टोड येऊन ८०-९० वर्षं झाली, तिथे क्वॉल पूर्ण संपले का? मी तरी वाचलंय की काही ठिकाणी आहेत.

आकडेमोड

निसर्गराजांनी नकळत मुख्य मुद्द्यावर बोट ठेवलंय. त्याआधी क्वॉलच्या संख्येचं गणित सांगतो, कारण त्याशिवाय यातलं काहीच समजणार नाही.

उत्तरी क्वॉलचे नर जवळजवळ सगळे पहिल्याच विणीच्या हंगामानंतर मरतात. वय असतं साधारण एक वर्ष. वजन उतरतं, केस गळतात, अंगावर परजीवी वाढतात, रक्त कमी होतं आणि संपतात. एकदाच प्रजनन करून नर मरतो अशा सस्तन प्राण्यांत हा सर्वांत मोठा. माद्या दोन, क्वचित तीन वर्षं जगतात. मादीला एका वेळी आठपर्यंत पिल्लं होतात, जन्मताना तांदळाच्या दाण्याएवढी.

आता बघा. वाघाच्या जंगलात दोन वर्षं पिल्लं जगली नाहीत तरी मोठे नर-मादी असतात, तिसऱ्या वर्षी सावरता येतं. क्वॉलमध्ये पुढच्या हंगामातले सगळे नर म्हणजे या वर्षीची पिल्लं. ती एका वर्षी मेली की मिलनाला नरच उरत नाही. म्हणून टोडची लाट एका मोसमात आली की अख्खी वस्ती उडते.

तेच गणित उलटंही चालतं. शत्रू नसतील आणि मादीमागे आठ पिल्लं असतील तर संख्या झपाट्याने वाढते. ॲस्टेलवर सोडलेले होते ४५, पोबासूवर १९, आणि त्यांचे हजारो झाले ते याचमुळे. पुढे तिथलीही संख्या थोडी खाली आली, पण ते बेटावर होणारच, जागा आणि खाणं मोजकं.

आणि दर वर्षी पिढी बदलते याचा तिसरा परिणाम म्हणजे उत्तराताईंचा प्रश्न. १३ वर्षं म्हणजे वाघाच्या दोन-तीन पिढ्या. क्वॉलच्या १३. भीती विसरायला तेवढ्या पुरल्या.

सौ_सदाशिवपेठ

एका हंगामात नर खलास? कारण काय म्हणे?

आकडेमोड

ग्रूट आयलंडवरच्या क्वॉलांना छोटी यंत्रं बांधून २०२३ मध्ये अभ्यास छापला गेला. नर हंगामात झोपतच नाहीत म्हटलं तरी चालेल. विश्रांतीला वेळेच्या आठेक टक्के, माद्यांना चोवीसेक टक्के. एक पठ्ठ्या एका रात्रीत १०.४ किलोमीटर चालला, मादी शोधत. प्राणी मोजकेच होते, त्यामुळे झोप न मिळणं हेच मरणाचं कारण असं ठामपणे म्हणता येत नाही. पण थकलेला, बेसावध नर डिंगोच्या तावडीत लवकर सापडेल हे उघड आहे.

सौ_सदाशिवपेठ

आमच्याकडचे नर सोफ्यावरून रिमोटपर्यंत चालतात. त्या हिशेबाने शतायुषी होणार.

पेंद्या

😂😂 काकांना हा धागा दाखवू नका.

मावळा_मेलबर्नचा

सॉसेजबद्दल कुणीच बोललं नाही अजून? जोनाथन वेब, रिक शाइन वगैरे संशोधक मंडळींनी २०१० मध्ये हा प्रयोग छापला. मेलेल्या लहान टोडमध्ये थायाबेंडाझोल नावाचं जंतावरचं औषध भरायचं आणि क्वॉलला द्यायचं. औषधाला चव नाही, वास नाही, पण खाल्लं की जोरात मळमळतं. क्वॉल समजतो, हा प्रताप टोडचा. पुढे जिवंत टोड समोर आला तर तोंड फिरवतो. असे शिकवलेले क्वॉल जंगलात न शिकवलेल्यांपेक्षा जास्त टिकले. नंतर टोडच्या मांसाची चक्क सॉसेज करून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किंबर्लीत विमानातून टाकून पाहिली.

गोडबोले_काकू

म्हणजे अंगठा चोखू नये म्हणून कडुलिंबाचा रस लावतात, तसं.

चिकित्सक_बोका

काकू, बरोबर पकडलंत. पण शिकवलेली पिढी वर्ष-दोन वर्षांत संपणार. तिच्या पिल्लांना कोण शिकवणार? दर वर्षी विमान उडवायचं?

मावळा_मेलबर्नचा

काकाडूत शिकवून सोडलेल्या माद्यांच्या वंशजांचा आनुवंशिक माग काढला तेव्हा पुढच्या पिढ्याही जगलेल्या सापडल्या. मात्र तीही वस्ती एकूणात सावरली नाही. सोडलेले थोडे आणि डिंगो भरपूर.

दुसरी गोष्ट. टोडची पहिली लाट सगळ्यांत घातक असते, कारण पुढे येतात ते मोठे, भरपूर विष असलेले टोड. लहान टोड खाल्ला तर प्राणी आजारी पडतो, मरत नाही, आणि धडा शिकतो. म्हणून लाट यायच्या आधीच मुद्दाम लहान टोड सोडायचे, अशी युक्ती शाइन यांच्या गटाने किंबर्लीत घोरपडींसाठी वापरली. २०२४ मध्ये निकाल आले, जिथे 'शिक्षक टोड' सोडले तिथल्या घोरपडी टिकल्या.

पेंद्या

संकट यायच्या आधी त्याचीच पिल्लं सोडायची. ही फाइल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला साष्टांग नमस्कार.

डॉ_श्वानमित्र

थोडं अवांतर. मी पशुवैद्य. मांसाहारी शिशुधानी म्हटलं की मला टास्मानियन डेव्हिल आठवतो, कारण त्याचा आजार माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या एका आजाराचा भाऊबंद आहे.

डेव्हिलच्या तोंडावर गाठी येतात. १९९६ मध्ये टास्मानियाच्या ईशान्येला पहिल्यांदा दिसल्या. हा कर्करोग आहे आणि तो चाव्यातून पसरतो, म्हणजे विषाणू नाही, कर्करोगाच्या पेशीच एका जनावरातून दुसऱ्यात जाऊन वाढतात. २०१४ मध्ये याच प्रकारचा दुसरा, वेगळा कर्करोग सापडला. कित्येक भागांत डेव्हिलांची संख्या ८० टक्क्यांहून जास्त घटली.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत असाच संसर्गजन्य गाठीचा कर्करोग आहे, मिलनातून पसरतो. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी आजही जगभर फिरतायत. फरक इतकाच की कुत्र्याला आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा गाठ विरते. डेव्हिलला असं सोपं औषध नाही. लोकांनी गाठ दिसली की कुत्र्याला गावाबाहेर सोडू नये, दवाखान्यात आणावं, हेही या निमित्ताने सांगतो.

आकडेमोड

डॉक्टरसाहेब, अवांतर नाही हो, धाग्याशी थेट संबंध आहे. डेव्हिलांत रोग आल्यावर माद्या एक वर्षाच्या असतानाच विऊ लागल्या, आधी असं क्वचित व्हायचं. मोठे मेले की जागा आणि खाणं मोकळं होतं. आणि काही डेव्हिलांच्या गाठी आपोआप विरलेल्याही आढळल्या, आनुवंशिक बदलही दिसले. निसर्गराजा म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे.

रानवाटा

आणि डेव्हिलांचंही बेट आहेच! रोग नसलेले डेव्हिल २०१२ पासून टास्मानियाजवळच्या मरिया बेटावर सोडले. डेव्हिल वाढले. २०२१ मध्ये पक्षीवाल्यांनी सांगितलं की त्या बेटावरच्या छोट्या पेंग्विनच्या ३००० जोड्या होत्या, त्या संपल्या. आता सांगा, बेटाचा हिशेब कसा मांडायचा?

उत्तरा_डार्विन

रानवाटा, हे ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूने बोलताय, पण आनंद नाही झाला.

माळरान

ऑस्ट्रेलियाचं ठीक आहे, पण आपला माळढोक मरतोय त्याचं काय? सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे आणि पक्षी शोधायला लागतात. आधी घरचं बघा.

चिकित्सक_बोका

माळरान, प्रश्न तोच आहे. राजस्थानात माळढोकाची अंडी उबवून बंदिस्त पैदास चालू आहे. ती पिल्लं उद्या माळावर सोडली तर कोल्ह्याला, भटक्या कुत्र्याला, विजेच्या तारेला ओळखतील का? क्वॉलवाल्यांच्या चुका आपल्याला फुकटात वाचायला मिळतायत, तर वाचाव्यात.

माळरान

असं असेल तर ठीक. वाचनखूण साठवतो.

आकडेमोड

आता निसर्गराजांचा राहिलेला मुद्दा. क्वीन्सलँडमध्ये काही वस्त्या टोडबरोबर टिकून आहेत. तिथले क्वॉल टोडला तोंड लावत नाहीत, आणि हे शिकलेलं नाही, रक्तातलं आहे. एला केली आणि बेन फिलिप्स या संशोधकांनी टोड कधीच न पाहिलेली पिल्लं पिंजऱ्यात वाढवून तपासली. क्वीन्सलँडची पिल्लं टोड टाळतात, आणि क्वीन्सलँड व नॉर्दर्न टेरिटरीचा (म्हणजे डार्विन-काकाडूकडचा) संकर केला तर संकरित पिल्लंही टाळतात. मग २०१७ मध्ये डार्विनजवळच्या इंडियन आयलंडवर ५४ क्वॉल सोडले: काही क्वीन्सलँडचे, काही टेरिटरीचे, काही संकरित. तिथे टोड आहेतच. कल्पना अशी की टोड पोचण्याआधीच पुढच्या वस्त्यांत थोडं शहाणपण मिसळून ठेवायचं.

पेंद्या

इंडियन आयलंडला आपल्याला व्हिसा लागतो का?

उत्तरा_डार्विन

लागतो रे. आणि मगरी आहेत.

पण आकडेमोड, हे मला बेटापेक्षा पटतं. बेटावर आपण संकट काढून घेतो, इथे संकटासकट जगणारा प्राणी तयार होतो.

निसर्गराजा_७७

संकरामुळे स्थानिक वाण बिघडणार नाही? काकाडूच्या खडकांत हजारो वर्षं घडलेला क्वॉल आणि क्वीन्सलँडचा क्वॉल सारखे नसतील.

आकडेमोड

धोका आहे, म्हणूनच थोडेच सोडायचे म्हणतात. बाकीचं रक्त स्थानिक राहतं, टोड टाळण्याचा गुण मात्र निवडीने वाढतो. शिवाय पर्याय काय, तर शुद्ध वाणाचं शून्य.

पिलबारा_नाईटशिफ्ट

उशिरा आलो, पूर्ण धागा वाचला. मी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात खाणीवर कामाला आहे. इथे अजून टोड आलेले नाहीत आणि क्वॉल आहेत. नवीन काम काढायचं तर आधी क्वॉलचा सर्व्हे. कॅमेरे लावतात. वाघाच्या पट्ट्यांसारखे प्रत्येक क्वॉलचे ठिपके वेगळे, त्यावरून मोजणी होते.

इथे सगळ्यांत साध्या उपायाची चर्चा आहे ती कुणी लिहिली नाही. किंबर्ली आणि पिलबारा यांच्यामध्ये वाळवंट आणि समुद्र यांच्या बेचक्यात कोरड्या जमिनीचा अरुंद पट्टा आहे. टोडला कोरड्या मोसमात पाणी लागतंच, नाहीतर दोन-चार दिवसांत मरतो. त्या पट्ट्यात पाणी आहे ते मुख्यतः गुरांसाठी बोअर मारून केलेल्या तळ्यांत. ती तळी बंद करून टोडला शिरता येणार नाही अशी व्यवस्था केली तर लाट तिथेच अडेल असं गणिती अभ्यास सांगतो. ना बेट, ना सॉसेज, ना संकर. प्लंबिंग.

उत्तरा_डार्विन

हे फार आवडलं. म्हणजे पिलबारातले क्वॉल आहेत तिथेच, डिंगोंसकट राहतील. मूळ प्रश्नाला मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर. बेटं मात्र बंद करा असं आता म्हणणार नाही, बोकोबा. फक्त तिथल्या क्वॉलांना आठ-दहा पिढ्यांच्या आत परत आणा, नाहीतर मुख्य भूमीवरचे मधूनमधून तिकडे न्या, म्हणजे भीती विसरली जाणार नाही.

चिकित्सक_बोका

मान्य. मधूनमधून नेण्याचा खर्च कोण देणार ते सोडून सगळं मान्य.

उसाचा_फड

पिलबारावाले दादा, तळं बंद केलं तर गुरं पाणी कुठं पिणार?

पिलबारा_नाईटशिफ्ट

उंच टाकी आणि फ्लोट व्हॉल्व्हची सिमेंटची हौदी. काठ सरळ उभा, बाहेर गळती नाही, चिखल नाही. गुराचं तोंड पोचतं, टोड चढत नाही.

उसाचा_फड

हे तर आमच्या गोठ्यात आहेच की. व्हॉल्व्ह तेवढा दर पावसाळ्यात बिघडतोय. त्यांना म्हणावं पितळेचा घ्या, प्लॅस्टिकचा नको.